मोटारी व कॅसेटी भरून मिळतील

धंद्यातला माणूस कशावर जळेल याचा नेम नाही. कुणी दुसऱ्याच्या दुकानाच्या जागेवर जळतो, कुणी गिऱ्हाइकांच्या गर्दीवर. मी एका माणसाच्या सावकाशीवर जळलो. सांगलीचा एक गृहस्थ माझ्यापेक्षा हळू गाणं विकत होता आणि माझी बायको माझ्याच दुकानाच्या माडीवर बसून रोज दुपारी ते ऐकत होती. खाली मी, वर तो. तो म्हणजे त्याची कॅसेट, पण जळणाऱ्याला असले बारकावे दिसत नाहीत.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. साताऱ्यात राजवाड्याच्या बाजूला माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. त्या वर्षांत घरोघर टेपरेकॉर्डर यायला लागले. कुणाचा भाऊ मिलिटरीतून सुट्टीवर येताना आणी, कुणाचा मेहुणा आखातातून. यंत्र यायचं, पण त्यात घालायचं काय? तयार कॅसेटी मिळत नव्हत्या, मिळाल्या तर परवडत नव्हत्या. मग लोक कोरी कॅसेट घेऊन आमच्यासारख्याकडे येत आणि म्हणत, "भरून द्या." आमच्याकडे रेकॉर्ड प्लेअर असे, तबकड्या असत. तबकडी लावायची, वायर जोडायची, टेपचं बटण दाबायचं आणि गाणं एका यंत्रातून दुसऱ्यात ओतायचं. पिठाच्या गिरणीत डबा धरतात तसं. म्हणून शब्दही तोच, भरणे.

बहुतेकांना सिनेमाची गाणी हवी असत. पण आमच्या गावातल्या एका डॉक्टरांनी रक्तदाबाच्या पेशंटांना गोळ्यांच्या जोडीला संथ शास्त्रीय गाणं ऐकायला सांगायला सुरुवात केली आणि माझ्या दुकानाचं नशीब पालटलं. ज्यांनी उभ्या जन्मात तानपुरा पाहिला नव्हता ते लोक औषधाच्या दुकानातून थेट माझ्याकडे यायला लागले.

त्यातले पहिले कोरेगावचे सुभेदार. फौजेतून निवृत्त, मिशा अजून नोकरीत. काउंटरवर चिठ्ठी आपटून म्हणाले, "हे औषध तुमच्याकडं मिळतंय म्हनं."

मी चिठ्ठी वाचली. गोळ्यांच्या खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'विलंबित, दुपारी जेवणानंतर.'

"हे गाणं आहे सुभेदार," मी म्हणालो.

"विलंबित म्हंजे लेट. एस्टी लेट हुती तसं. गाणं लेट कसं हुईल?"

त्यांना जे सांगितलं तेच इथे सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. आपल्या शास्त्रीय गाण्यात गवई आधी अगदी हळू गातो, एकेका सुरावर मुक्काम करत. ते विलंबित. मग लय वाढते, तबला धावायला लागतो, ते द्रुत. आणि सम म्हणजे तालाच्या फेऱ्याचा उंबरठा. गवई गाव उंडारून आला तरी शेवटी तिथे पाऊल टेकवतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना हलतात.

रक्तदाबवाल्यांना फक्त हळू हवं होतं. एकेक तबकडी विकत घेणं त्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मग मी पाच-सहा गवयांचं नुसतं विलंबित काढून एका कॅसेटवर भरायला लागलो. द्रुत सगळं गाळलेलं. स्वस्तात मस्त. वर लेबल लावलं, 'विलंबित संग्रह'. एखाद्या घराण्याच्या बुवांनी ते पाहिलं असतं तर मला चपलेनं मारलं असतं, कारण हे म्हणजे लग्नातली फक्त पंगत ठेवून नवरा-नवरी गाळण्यासारखं. पण बुवा माझ्याकडे येत नव्हते, पेशंट येत होते.

आता माझी मिजास सांगतो. मिजास दोन गोष्टींची होती. एक म्हणजे मी कधीही गाणं मध्येच तोडत नसे. सम आली, गवई टेकला, की मग अलगद आवाज मावळवायचा. टेपची जागा उरली तरी चालेल, पण गवई हवेत लोंबकळता कामा नये. दुसरी म्हणजे माझा स्टॅबिलायझर. लाईट वरखाली झाली तरी हा लोखंडी डबा आतल्या यंत्रांना सारखाच दाब पोचवतो. साताऱ्यात कॅसेट भरणाऱ्यांपैकी तो माझ्याच एकट्याकडे होता. त्यावर मी झेंडूचं फूल ठेवायचो. गाणाऱ्यानं ज्या स्वरात, ज्या लयीत गायलं, त्याच स्वरात, त्याच लयीत ते तुमच्या घरी पोचेल, अशी पाटी मी रंगवून घेतली होती.

आणि एके दिवशी सुभेदार माझी कॅसेट परत घेऊन आले.

"बिघडली?" मी विचारलं.

"न्हाई, चांगली हाय. पर माझं बीपी साताऱ्याला चडतंय आणि सांगलीला उतरतंय."

मला कळेना. त्यांनी शर्टाच्या खिशातून दुसरी कॅसेट काढून तलवारीसारखी माझ्यासमोर धरली. निळ्या शाईचा शिक्का होता, 'निवांत'. खाली, 'मगदूम, सांगली'.

"आमच्या जावयानं आणली. तुमच्याच गवयाचं हाय, त्योच राग. पर ह्याचं ऐकलं की अंग सैल पडतंय. तुमचं ऐकलं की वाटतं, हा गडी मला कायतरी विकाय आलाय."

मी हसलो. हसणं भाग होतं, दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती. पण 'निवांत' हे नाव माझ्या छातीत रुतलं. मी 'विलंबित संग्रह' असं रेल्वेच्या खात्यासारखं नाव ठेवून बसलो होतो आणि त्या माणसानं तीन अक्षरांत दुपारच्या जेवणानंतरची सगळी सुस्ती बसवली होती. हे नाव मला सुचायला हवं होतं, हे मी आजही म्हणतो.

त्याच महिन्यात माझी बायको शैला माहेरी जाऊन आली. तिचं माहेर सांगलीचं. येताना हळदीच्या पुड्या, आईनं दिलेली साडी, आणि साडीच्या घडीत 'निवांत, भाग दोन'.

"हे काय?" मी विचारलं.

"कॅसेट आहे."

"ते दिसतंय मला. रेडिओवाल्याच्या घरात बाहेरची कॅसेट?"

"हलवायाच्या घरचे लोक बाहेर भेळ खात नाहीत का?" ती म्हणाली आणि माडीवर गेली.

तेव्हापासून रोज दुपारी, मी खाली रेडिओच्या तारांना डाग देत बसलेलो असताना, वरच्या खिडकीतून मगदूमचं गाणं उतरायला लागलं. कॅसेटची बाजू संपली की खटक् असा आवाज येई, टेपचं बटण वर उडायचं. आणि मग, हे नीट ऐका, मग शैलाच्या गळ्यातून दोन-चार सूर येत. अगदी हळू, स्वतःशीच. मग सगळं शांत.

माझी कॅसेट लावली की ती कधी गुणगुणत नसे. मी लक्ष ठेवून होतो.

एकदा जेवताना मी सहज विचारल्यासारखं केलं. असलं सहज विचारायला मला सकाळपासून तयारी करावी लागली होती. "हा मगदूम तुझ्या ओळखीचा का?"

"ओळखीचा म्हणजे काय, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान. कॉलेजला जाताना रोज त्यांच्यावरून जायचे."

"रोज?"

"कॉलेज रोज असायचं," ती म्हणाली आणि मला आमटी वाढली.

त्या आमटीला चव होती की नव्हती मला आठवत नाही. तरुण मगदूम दुकानाच्या पायरीवर उभा आहे, केसांचा कोंबडा काढलेला, मागे विलंबित चाललेलं आणि समोरून दोन वेण्यांची शैला पुस्तकं छातीशी धरून चालली आहे, असं चित्र मी डोक्यात रंगवलं आणि रोज त्याला एकेक रंग वाढवत गेलो. नाटकात काम करायची मला जुनी खोड. शाळेत मी खलनायकच करायचो.

मग मी मगदूमचे दोष गोळा करायला लागलो आणि मोठा दोष आपणहून चालत आला. वाईचे एक गुरुजी माझे गिऱ्हाईक होते. घाटावरच्या देवळात पूजा सांगायचे. तेही माझ्याकडून उठून 'निवांत'कडे गेलेले. त्यांना कुणीतरी पुण्याला एका मोठ्या गवयाच्या मैफलीला नेलं. नेमका तोच राग, तीच चीज. गुरुजी डोळे मिटून ऐकत होते. बुवा वरच्या षड्जाकडे निघाले, सगळी सभा श्वास धरून बसली आणि ऐन त्या जागी गुरुजी उठले, उपरणं झटकलं आणि चपला शोधायला लागले.

"अहो, संपतं ना तिथे," ते मला सांगत होते. "वर्षभर ऐकतोय. तिथे खटक् होतं आणि मी संध्येला उठतो. तिथून पुढे गाणं असतं हे मला कोण सांगणार?"

मी आनंदानं काउंटरवर थाप मारली. मगदूम समेची वाट बघत नव्हता. टेप संपली की गाणं संपलं, गवई जिन्यात असो की दारात. ही हकीकत मी प्रत्येक गिऱ्हाइकाला हावभाव करून सांगितली, चपला शोधणारे गुरुजी करून दाखवले. लोक पोट धरून हसले आणि जाताना विचारून गेले, "ती सांगलीची कॅसेट कुठं मिळती ओ?"

शेवटी मी ठरवलं, त्याच्या गाण्याचाच तपास घ्यायचा. शैला बाजारात गेली होती. वडिलांची बाजाची पेटी होती, भजनाची. मी माडीवर 'निवांत' लावलं आणि पेटीवर सूर शोधायला बसलो. तबकडीवर तो गवई काळी एक या पट्टीत गातो, हे मला झोपेतही माहीत. माझ्या कॅसेटवरही काळी एक. मगदूमच्या कॅसेटवर काळी एक लागेना. बोट खाली सरकवलं, पांढरी एक. तिच्याहीपेक्षा जरा खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत कुठेतरी.

मला उठून नाचावंसं वाटलं. तबकडी हळू फिरवली की सूर खाली जातो आणि लय मंद होते. म्हणजे मगदूमचं निवांत हे गवयाचं नव्हतंच. गवयाला त्यानं गुंगीचं औषध दिलं होतं.

शैला पिशवी घेऊन वर आली तेव्हा मी न्यायाधीशासारखा पेटीमागे बसलो होतो. तिला मी सगळं वाजवून दाखवलं. हा खरा सूर, हा मगदूमचा. ही खरी लय, ही मगदूमची. "हे विलंबित नाही," मी हात उंचावून म्हणालो, "ही फसवणूक आहे."

ती भाजी निवडत होती. "सूर खाली आहे हे मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत आहे?"

"लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या दुकानात पहिल्यांदा हे गाणं ऐकलं. मला वाटलं, ह्या गाणाऱ्याला कुठंतरी जायचंय. एस्टी धरायचीय. सांगलीत सगळं हळूच वाजायचं. दुपारी पंखासुद्धा सावकाश फिरायचा, पाती मोजता यायची."

"पण खरं कुठलं?"

"खरं तुमचंच," ती म्हणाली. हा कौल इतक्या सहज मिळाला की मला त्याचा उपयोगच करता येईना. "आणि एकदा त्या मगदूमांना भेटूनच या. उठता-बसता त्यांचं नाव घेताय. मी माहेरची असून इतकं घेत नाही."

गेलो. पण सरळ जाणं मला कुठलं जमायला. मी वेष पालटून गेलो. धोतर, पांढरी टोपी, खांद्यावर टॉवेल. आपण आष्ट्याचे बागायतदार, उसाच्या पाण्याची मोटार जळाली आहे, असं सोंग घ्यायचं आणि माणूस तबकडी कशी हळू फिरवतो ते रंगेहाथ पकडायचं. मोटारीचं सोंग का, तर शैलाकडून कळलं होतं की मगदूमचा मूळ धंदा तोच. जळालेल्या मोटारींना नवी तार गुंडाळून द्यायची. त्यालाही आमच्याकडे भरणेच म्हणतात.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. पाटीवर ठसठशीत अक्षरं होती, 'मोटारी व कॅसेटी भरून मिळतील'. दारात पंपांच्या मोटारींची उघडी पोटं पडलेली, तांब्याच्या तारांची भेंडोळी, वार्निशचा वास, त्यात शेजारच्या वखारीतला हळदीचा. आणि पायरीवर, माझ्या चित्रातला केसांचा कोंबडा जिथे उभा असायचा तिथे, साठीकडे झुकलेला एक टकलू माणूस बंडी घालून शेंगा सोलत बसला होता.

मला हायसं वाटलं. मग लगेच वाईटही वाटलं. इतके महिने मी ज्याच्यावर जळलो तो निदान दिसायला तरी बरा असायला हवा होता.

"काय काढलंसा, पावणं?" त्यानं विचारलं.

"मोटार जळलीया," मी म्हणालो. "आष्ट्याहून आलूया."

"बसा की. किती पावरची?"

मी काहीतरी आकडा सांगितला. त्यानं मला आपादमस्तक पाहिलं, चार शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाला, "आष्ट्याचा बागायतदार पायात पॉलिशचे बूट घालून मोटारीचं इचाराय येत न्हाई. तुमी शैलाताईंचे मालक न्हवं?"

माझी टोपी आपोआप हातात आली.

"तुमच्या लग्नात लाऊडस्पीकर माझाच हुता," मगदूम म्हणाले. "सनईची तबकडी मीच लावली हुती. तुमी लय गंभीर दिसत हुता."

म्हणजे माझ्या लग्नातही हाच. ती सनई मला आठवली. इतकी रेंगाळत होती की आपण लग्नाला उभे आहोत की कुणाच्या तेराव्याला, असं मला बोहल्यावर वाटून गेलं होतं. त्याचं कारण मला आज कळत होतं.

मी सोंग टाकून दिलं आणि विचारलं, "तुम्ही तबकडी हळू कशी करता?"

"हळू?" मगदूम माझ्याकडे बघतच राहिले. "आमी कशाला हळू करतोय? हाय तशीच भरतोय. या, दावतो."

आत फळीवर रेकॉर्ड प्लेअर होता. त्याची वायर भिंतीतल्या प्लगमध्ये. शेजारी टेपरेकॉर्डर, आणि त्याची वायर मात्र खाली, एका जुन्या जीपच्या बॅटरीला जोडलेली.

"हा बॅटरीवर का?"

"लाईट जाती वो. निम्म्या गाण्यात टेप थांबली तर गिऱ्हाईक वरडतंय."

त्यांनी तबकडी लावली. दुपारची वेळ. छतावरचा पंखा मी पाहिला. पाती मोजता येत होती.

वाचकहो, त्या क्षणी मला सगळं दिसलं. पलीकडे कृष्णेच्या काठानं ऊसच ऊस. दुपारी तिथले सगळे पंप एकदम सुरू होत आणि लाईट अशक्त होई. अशक्त लाईटवर पंपांच्या मोटारी जळत, त्या मगदूमकडे भरायला येत. त्याच अशक्त लाईटवर मगदूमची तबकडी रेंगाळत फिरे. टेप मात्र बॅटरीवर नेकीनं चाले आणि ते रेंगाळणं जसंच्या तसं टिपून ठेवी. माझ्या स्टॅबिलायझरनं जे बाहेर अडवलं होतं तेच हा माणूस, स्वतःला नकळत, निळा शिक्का मारून विकत होता. सुभेदारांचं बीपी उसाच्या पाण्यानं उतरत होतं.

आणि मगदूमला यातलं काही माहीत नव्हतं. त्याच्या आयुष्यात गाणं असंच वाजत आलं होतं.

"राग येनार न्हाई तर एक सांगू?" ते म्हणाले. "शैलाताईंच्या आईनं तुमची कॅसेट दिली हुती, ऐकली. काम लय साफ हाय. पर गडबडीत भरता काय तुमी?"

माझ्या स्टॅबिलायझरला, माझ्या काळी एकला, माझ्या रंगवलेल्या पाटीला हा माणूस प्रेमानं गडबड म्हणत होता.

मग त्यांनी तबकडी थांबवली, तिच्याखालच्या प्लेअरच्या मोटारीला हात लावून बघितला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ही लय तापती. एखाद्या दिवशी जळनार. तुमच्याकडं तो स्टॅबिलायझर हाय म्हनं. बसवावा म्हनतो मीबी. तुमी जानकार, सांगा. बसवू का?"

खलनायकाला आयुष्यात एकदा मिळावा असा प्रवेश माझ्यासमोर उभा होता. आणि त्यातली गंमत बघा, खोटं बोलायची गरजच नव्हती. 'बसवा' हा खरा, प्रामाणिक, जाणकाराचा सल्ला होता. मगदूमनं स्टॅबिलायझर बसवला की सांगलीचा गवईही एस्टी धरायला धावणार होता. 'निवांत' एका दिवसात बंद. सुभेदार माझे, गुरुजी माझे, आणि दुपारची माडी माझी. मी तोंड उघडलं. वरचा पंखा दिसला, पाती एक, दोन, तीन. आणि मला शैलाचं ते वाक्य ऐकू आलं. स्टॅबिलायझरनंतर तिला हळू गाणारा कुणी उरलाच नसता.

"मोटारी भरणारे तुम्ही," मी म्हणालो. "जळली तर भरून घ्या. घरचंच काम."

मगदूम खळखळून हसले. "खरंय की. मोटार आपली, तार आपली." निघताना त्यांनी माझ्या हातात 'निवांत, भाग तीन' दिली. पैसे घेतले नाहीत. "आमच्या गल्लीची लेक हाय ती," म्हणाले.

परतीच्या एस्टीत मी ती कॅसेट मांडीवर धरून बसलो होतो. या माणसावर नीट जळायचीही सोय राहिली नव्हती आणि जळणं तर थांबत नव्हतं. निदान त्यानं कपटानं तरी केलं असतं. मी आयुष्यभर मेहनतीनं जे बरोबर करत होतो त्याला हा बसल्या बसल्या, शेंगा सोलत, चुकून मागे टाकत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी दुकानाचं दार ओढून घेतलं आणि माडीवर गेलो. शैलाला आश्चर्य वाटलं. खरं सांगायचं तर इतकी वर्षं गाणी भरली, पण मी ती ऐकली नव्हती. भरणाऱ्याचं लक्ष आवाज दाखवणाऱ्या काट्यावर असतं, सम कुठे येते आणि कुठे कापायचं यावर असतं. त्या दिवशी कापायचं काही नव्हतं. मी भिंतीला टेकलो. मगदूमचा गवई त्याच्या जड, झोपाळू आवाजात एकेक सूर उतरवत होता, जसा कुणी दुपारी धान्याची पोती उतरवावी. मध्येच मला डुलकी लागली असावी. जाग आली ती खटक् आवाजानं. गवई एका सुरावर चढत होता तिथेच बटण उडालं होतं.

आणि शेजारी बसलेल्या शैलानं तो सूर उचलला. अगदी हलक्या आवाजात चार पावलं पुढे नेला, मग खाली उतरवला आणि मांडीवर बोट टेकवून थांबली.

"हे काय गुणगुणतेस?" मी विचारलं. हा प्रश्न मी कितीतरी दुपारी पुढे ढकलला होता.

"गुणगुणत नाही. त्याची सम राहिली ना." तिला त्यात सांगण्यासारखं काही वाटत नव्हतं. "मगदूम कुठंही तोडतात. तो गाणारा बिचारा वाटेतच उभा राहतो. त्याला घरी पोचवते."

"आणि माझ्या कॅसेटीत?"

"तुमच्या कॅसेटीतले सगळे आपापले घरी जातात," शैला म्हणाली. "मला काही कामच ठेवत नाही तुम्ही."

ज्या गोष्टीची मी मिजास मारत होतो तिनंच मला माझ्या बायकोच्या दुपारीतून बाहेर ठेवलं होतं. दार मीच नीट लावून घेतलं होतं, अलगद, समेवर.

त्या आठवड्यात मी एक कॅसेट भरली. सुभेदारांच्या जुन्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आणली, तिच्यावर टेपरेकॉर्डर चालवला. स्टॅबिलायझरवरचं फूल काढून ठेवलं आणि रेकॉर्ड प्लेअर थेट प्लगला लावला. साताऱ्याची लाईट सांगलीइतकी अशक्त नव्हती, म्हणून दुरुस्तीसाठी ठेवलेला दाब कमी करायचा डबा मध्ये घातला आणि बोटानं उतरवत उतरवत गवयाला काळी एकवरून खाली आणला. आणि शेवटी, गवई समेकडे निघाला, दोन पावलांवर उंबरठा राहिला, मोजून लावलेली टेपही नेमकी संपत आली, तेव्हा मी डोळे मिटून बटण दाबलं. खटक्. आयुष्यात इतकं वाईट काम मी कधी इतक्या काळजीनं केलं नाही. लेबल काहीच लावलं नाही.

शैलानं दुपारी ती लावली. मी खाली डाग देत होतो, पण हात चालत नव्हते. वरून सावकाश गाणं उतरत होतं. तेवढ्यात सुभेदार बॅटरी परत न्यायला आले आणि बाकावर बसले. बसले ते बसलेच. मिशा हळूहळू खाली आल्या. खांदे सैल पडले. मग वर खटक् झालं, आणि त्यामागोमाग शैलाचा आवाज, चार सूर, आणि मांडीवर टेकवलेलं बोट, ते मात्र मला न बघताच दिसलं.

"वा," सुभेदार म्हणाले. "हिला म्हनायचं औषध. सांगलीची का?"

माझ्या जिभेवर माझं नाव होतं, दुकानाचं नाव होतं, बॅटरीची सगळी कथा होती. माझ्यातला नट पडदा वर जायची वाट बघत होता. पण ते सांगितलं असतं तर सुभेदार उद्या तसलीच मागायला आले असते, परवा गुरुजी. मग ती कॅसेट दुकानाची झाली असती. ती मी दुकानासाठी भरली नव्हती.

"व्हय," मी म्हणालो. "मगदूमचीच."

सुभेदारांनी बॅटरी उचलली, वरच्या खिडकीकडे एकदा आदरानं पाहिलं आणि म्हणाले, "तुमीबी शिका जरा त्याच्याकडनं."